रोलरने गाडी रंगवायचा ‘खास’ डबा

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रोलरने गाडी रंगवणं ही थाप नाही. पत्रा चांगला रंगतो, माझी गाडी आता तशीच रंगवलेली आहे. थाप होती ती ‘घासायची गरज नाही, दोन हातांत काम, फिनिश आरशासारखं’ ही. पैसे मी त्याच थापेचे मोजले.

गाडी वीस वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण रंग उन्हाने पार करपलेला. बॉनेटवरून हात फिरवला की तळव्याला निळी भुकटी लागायची. दारांच्या खालच्या कडेला गंजाचे फोड आले होते. पूर्ण गाडी गॅरेजमधून रंगवून घ्यायचा खर्च विचारला, तर तेवढ्यात अशीच दुसरी जुनी गाडी आली असती. मग घरीच करू म्हणून रात्र रात्र व्हिडिओ बघणं सुरू झालं.

त्यातून खरी पद्धत मला कळली होती, हे मुद्दाम सांगतो, कारण अज्ञानाची सबब माझ्याकडे नाही. साधा ऑइल पेंट टर्पेंटाईन घालून जवळजवळ दुधाइतका पातळ करायचा. बारीक फोमच्या छोट्या रोलरने अगदी विरळ हात मारायचा, एवढा विरळ की पहिल्या हातानंतर खालचा जुना रंग दिसत राहतो आणि आपण काहीतरी बिघडवलं असं वाटतं. दोन हात झाले की वाळू द्यायचं, पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचं, परत दोन हात. असे सहा-आठ हात. शेवटी १०००, १५००, २००० नंबरच्या पेपरने घासून रबिंग कंपाऊंड, म्हणजे चमक आणणारी पेस्ट. म्हणजे रंग लावायचं काम तासाभराचं आणि घासायचं काम महिनाभराच्या सुट्ट्यांचं. हे सगळं वाचून मी वही बंद केली आणि मनात म्हटलं, याला काहीतरी सोपा मार्ग असेलच.

ज्याला गिऱ्हाईक हवं असतं त्याला असा माणूस लांबूनही ओळखू येतो.

जाहिरातीत ‘रोलरसाठी खास बनवलेला ऑटो पेंट’ होता. दोन फोटो शेजारी शेजारी, एकात फिकट, डागाळलेली गाडी, दुसऱ्यात तीच गाडी चकचकीत. चौकशी केली तर पाच मिनिटांत उत्तर. ‘सर, घासत बसायचा जमाना गेला. हा सेल्फ लेव्हलिंग आहे, रोलरच्या खुणा आपोआप बसतात. सकाळी पहिला हात, चार तासांनी दुसरा, संध्याकाळी गाडी बाहेर काढा.’ हार्डनर, म्हणजे रंगात मिसळून तो कडक करणारं द्रव्य, सोबत येतो, म्हणून गॅरेजमध्ये मारतात तोच दर्जा. मी विचारलं, मास्क लागेल का? ‘नाही सर, आपला फॉर्म्युला सेफ आहे.’

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. हार्डनरवाले जे दोन भागांचे गाडीचे रंग असतात, त्यांच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते श्वासातून गेलं तर दम्यासारखा त्रास जडू शकतो, म्हणून खऱ्या डब्यावर धोक्याची चिन्हं आणि सूचना ठळक छापलेल्या असतात. मिश्रणाचं प्रमाणही दिलेलं असतं, चारास एक, दोनास एक, जे काही असेल ते. हार्डनर आहे आणि तरी काही काळजी घ्यायची नाही, या दोन गोष्टी एका डब्यात सहसा बसत नाहीत. पण मला बसवायच्या होत्या.

ते दोन फोटोही मी नंतर नीट बघितले. दोन्ही एकाच बाजूने काढलेले. आधीच्या फोटोत मागच्या चाकावर पेट्रोलच्या टाकीचं झाकण आहे, नंतरच्या फोटोत तिथे सपाट पत्रा. गाडीच वेगळी.

पैसे आगाऊ, थेट खात्यावर. ‘कार्डाने देतो’ म्हटलं तर तो म्हणाला, तसं केलं तर सूट नाही मिळणार. रंगाच्या दुकानात तेवढ्याच मापाचा ऑइल पेंट ज्या किमतीला मिळतो, त्याच्या जवळपास चौपट मी देत होतो, आणि वर सूट मिळाल्याचा आनंद.

पार्सलमध्ये तीन डबे आले. एक रंगाचा, एक छोटा ‘हार्डनर’ आणि एक ‘लेव्हलर’. दोन रोलर आणि सूचनांचा एक कागद. रंगाच्या डब्यावर चकचकीत स्टिकर, त्यावर गाडीचं चित्र. प्रमाण म्हणून लिहिलं होतं, ‘हार्डनर अंदाजे घाला.’ अंदाजे! झाकण उघडलं तर रंगावर जाड साय. ती काढली, खाली तळाशी बसलेला गाळ होता तो लाकडी पट्टीने खरवडून ढवळला. नवा रंग असा नसतो हे कळत होतं, पण सकाळची वेळ, अंगात उत्साह, गाडीला मास्किंग टेप लावून तयार. कोण थांबतंय?

पहिला हात मात्र सुंदर बसला. ओला रंग कुठलाही असो, चमकतोच. बॉनेटमध्ये आभाळ दिसत होतं आणि पुढे ठेवलेली माझी पिवळी बादली, तिच्या तुटक्या कडीसकट. मी फोटो काढला आणि मोठ्या कौतुकाने त्या माणसाला पाठवला. ‘एक नंबर सर!’ असं उत्तर आलं.

चार तासांनी सूचनेप्रमाणे रंगात ‘लेव्हलर’ घालून दुसरा हात सुरू केला. त्याचा वास डोक्यात जाणारा, साध्या टर्पेंटाईनपेक्षा कितीतरी उग्र. अर्धं बॉनेट होईतो रोलरचा फोम फुगून सैल झाला आणि त्याचे कण रंगात पडायला लागले. ते चिमट्याने काढत असताना पत्र्याकडे लक्ष गेलं. पहिला हात हलत होता. तापत्या दुधावरची साय जशी गोळा होते तशा बारीक सुरकुत्या माझ्या डोळ्यांदेखत कडेपासून मधे सरकत होत्या. रोलर मारावा तर रंग त्यालाच चिकटून वर यायचा. संध्याकाळी गाडी बाहेर काढायची होती. संध्याकाळी मी गाडीवर प्लास्टिक टाकलं.

तिसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं गाड्या रंगवण्यात घालवली आहेत. बॉनेटच्या कोपऱ्यात त्यांनी अंगठ्याचं नख टेकवलं. वरचं कातडं फाटलं आणि खालून ओला रंग नखावर आला.

“कालच मारलास का?”

“नाही काका, परवा. हार्डनरसकट.”

“हार्डनर घालून तीन दिवस ओला? मिसळलेला उरलाय का कुठे?”

उरला होता, प्लास्टिकच्या कपात. तो मी फेकला नव्हता हे माझं नशीब. काकांनी कप तिरका केला आणि रंग आरामात वाहिला. “हे बघ,” ते म्हणाले, “खरा हार्डनर पडला असता तर दुसऱ्या दिवशी हा कप उलटा करून आपटला असतास तरी थेंब पडला नसता. दगड झाला असता.” मग त्यांनी ‘हार्डनर’चा एक थेंब काचेच्या तुकड्यावर ठेवायला सांगितला. सकाळपर्यंत काच कोरडी, डागसुद्धा नाही. खऱ्या हार्डनरमधलं पातळ द्रव्य उडून गेलं तरी मागे चिकट थर राहतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. हे नुसतं टर्पेंटाईन होतं. ‘लेव्हलर’ म्हणजे लॅकरसाठी, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगासाठी, वापरतात तसला कडक थिनर. न वाळलेल्या ऑइल पेंटवर तो पडला की खालचा थर फुगून उचलला जातो. सुरकुत्या त्याच्याच.

उरला रंग. डबा टर्पेंटाईनने पुसताना स्टिकरचा कोपरा सुटला, म्हणून ओढला. आख्खा निघून आला. खाली मूळ छपाई, लाकडी आणि लोखंडी कामासाठीचा साधा एनॅमल, म्हणजे दारं-खिडक्यांना मारतात तो. ‘या महिन्याआधी वापरावा’ म्हणून दिलेला महिना तीन वर्षांपूर्वी उलटून गेलेला. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो आणि त्यासाठी त्यात ड्रायर घातलेले असतात. डबा वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यांचा जोर कमी होतो. त्यात मी एकेक हात जाड मारलेला, त्याच्या सूचनेप्रमाणे. जाड थर वरून वाळून बंद होतो आणि आत हवा जात नाही.

त्या माणसाला सगळे फोटो पाठवले. उत्तरं आली ती क्रमाने देतो. हवेत ओल असेल. रोलर दाबून फिरवला असेल. जुना रंग हलका असेल. आणि शेवटी, ‘सर, आमचं बूस्टर मागवा, एका रात्रीत कडक होईल.’ त्याचे वेगळे पैसे. खरं सांगतो, दोन मिनिटं मी त्याचाही विचार केला. अडकलेल्या माणसाला आपण आधी दिलेले पैसे वाया गेले हे मान्य करायचं नसतं, आणि बूस्टर त्यावरच विकलं जातं. मी सोललेल्या स्टिकरचा फोटो पाठवला, त्यानंतर नंबर ब्लॉक. बँकेत गेलो तर थेट खात्यावर आपणहून पाठवलेली रक्कम परत आणणं अवघड, असं सांगितलं. लेखी तक्रार दिली आहे. पुढे काही झालेलं नाही.

तो रंग काढायला जो वेळ गेला त्यात दोन गाड्या घासून झाल्या असत्या. अर्धवट ओल्या रंगावर पॉलिश पेपर चालत नाही, दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतो. खरवडणीने ओरपायचं, टर्पेंटाईनच्या चिंध्यांनी पुसायचं, परत ओरपायचं. आणि हो, त्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑइल पेंटने भिजलेलं कापड वाळताना स्वतःच तापतं, ढिगात ती उष्णता अडकून राहते आणि आग लागू शकते. मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. काकांनी हे सांगितलं तेव्हा माझा गोळा गॅरेजच्या लाकडी कपाटाखाली होता.

मग सगळं पहिल्यापासून. गंजाचे फोड चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासले, प्रायमर मारला, खड्ड्यांत पुट्टी भरली, उरलेला जुना रंग ४०० नंबरने खरखरीत केला. दुकानातून ताजा डबा आणला, तारीख बघून. दर वेळी एका कोपऱ्यात हातभर जागेवर आधी मारून दोन दिवस वाट बघितली, मगच पुढे. हीच हातभर जागा मी त्या खास डब्यासाठी ठेवली असती तर नुकसान तेवढ्यावरच भागलं असतं. सात हात झाले. पॉलिश करायच्या आधी काकांनी काही आठवडे गाडीला हात लावू दिला नाही, वरून कोरडा झाला तरी आतून कडक व्हायला ऑइल पेंटला वेळ लागतो म्हणून. जवळून बघितलं तर डाव्या दारावर रंग अजून थोडा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. तिथे मी घासायचा कंटाळा केला होता.

परवा एका मित्राने मला एक जाहिरात पाठवली, ‘हे बघ, आपल्याला जमेल का?’ नाव वेगळं, स्टिकरवरचं गाडीचं चित्र तेच. मजकुरात ‘समाधानी ग्राहकाने पाठवलेला फोटो’ म्हणून निळं, ओलं, चकचकीत बॉनेट, आणि त्यात आभाळासोबत पिवळी बादली, एका बाजूने तुटलेल्या कडीची. ती बादली कुठे दिसली तर तो ग्राहक मी आहे, आणि त्या फोटोनंतर चार तासांनी काय झालं ते वर लिहिलं आहे.