व्हाळावरची लाईट : आठ महिन्यांनंतर

आंबोली घाटाच्या पायथ्याला आमची सात घरांची वाडी. गेल्या जुलैत व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, छोटं पेल्टन टर्बाइन बसवलं; पाण्याच्या जोरदार धारेने वाट्या लावलेलं चाक फिरतं आणि जनरेटर वीज करतो. ४० मीटरवरून १६० मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला २० लिटर पाणी येतं. गुरुत्वाकर्षणाचे ९.८१ गुणिले सेकंदाला ०.०२ घनमीटर पाणी गुणिले ४० मीटर उंची, म्हणजे ७.८ किलोवॉट. टर्बाइन आणि जनरेटरने आपापला वाटा खाल्ला की हाती उरतात जेमतेम साडेचार. विकणारा अर्थातच पहिला आकडा सांगतो.

तारेवरच्या विजेचं बिल युनिटवर येतं, म्हणून आपल्याला युनिट वाचवायची सवय. इथे ती सवय कामाची नाही. रात्री दोन वाजताही पाणी तेवढंच पडत असतं आणि साठवायला बॅटरी नाही. एका वेळी किती ओढता, एवढंच मोजायचं. हे आमच्या टाळक्यात शिरायला गणपती यावे लागले.

चतुर्थीची पहाट. मुंबईहून आलेल्या पुतण्याने बादलीत दीड किलोवॉटचा रॉड सोडला. तिकडे दोन घरांत खोबऱ्याला मिक्सर आणि एका घरात सोवळ्याला इस्त्री. पंखे रेंगाळले, बल्ब लुकलुकले आणि वाडी काळोखात. वीज उरली तर कंट्रोलर, म्हणजे वीज सांभाळणारी पेटी, ती टर्बाइनसोबत आलेल्या हीटरकडे वळवतो, पण कमी पडलेली कुठून आणणार?

त्यानंतर दर घराला २ अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) लावला, म्हणजे ४६० वॉट. यात दिवे, पंखे, टीव्ही आरामात. मिक्सरवर दोन मिनिटं वाटण काढलं तर एमसीबी सोसतो, रेंगाळलात की टक्कन पडतो. उरलेल्या सव्वा किलोवॉटसाठी मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, एकच 'जड प्लग' ठेवलाय. इस्त्री असो वा ग्राइंडर, तिथेच न्यायचा आणि पाटीवर खडूने आपली वेळ लिहायची. सुरुवातीला भांडणं झाली. मग कळलं, सॉकेटच एक असल्यावर भांडायचं कोणाशी?

मला सर्वांत आवडलेली गोष्ट तो हीटरच. बसवणाऱ्याने तो व्हाळातच बुडवून ठेवला होता, मासे शेकायला बहुतेक! आम्ही उचलून २०० लिटरच्या ड्रमात टाकला. रात्री अकरानंतर घरं झोपली की सगळी वीज तिकडे जाते आणि पहाटे कढत पाणी तयार. भर पावसात आमच्या आईने आंघोळीसाठी चूल पेटवली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता तक्रारी. ऑगस्टात पाइपाच्या तोंडाची जाळी दिवसातून दोनदा पाल्याने बुजते. पाळी ठरलेली आहे, पण धो धो पावसात वर चढायला पाळीवाल्याचा गुडघा नेमका त्याच दिवशी दुखतो. ऑक्टोबरात बेअरिंग घरघरायला लागलं. विक्रेत्याने फोनवर 'ग्रीस भरा' एवढंच सांगितलं, पुढे फोन उचलणंच बंद. शेवटी कुडाळहून बेअरिंग आणून आम्हीच बसवलं. एक जास्तीचं घरात असू द्या.

आणि फेब्रुवारी. परवा मोजलं, २० लिटरची बादली भरायला पाच सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला चारच लिटर. चाकावर धार सोडणाऱ्या दोन नोझलपैकी एक बंद केलं, दुसऱ्याला बारीक तोंड लावलं, तरी मिळतात नऊशे वॉट. जड प्लग काढून ठेवलाय. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी खालच्या पोफळींना जायचं, पण आता वरच्या बागवाल्यांना ते पाइपात शिरण्याआधीच हवंय. काल बैठक झाली. दिवसा पाणी बागेला, संध्याकाळी सहा ते दहा टर्बाइनला. ड्रम गार आहे, आईने चूल पेटवलीय.