आटपाट लंडन होतं: 'अ लिटल प्रिन्सेस'बरोबर सात महिने

आधी पहिल्या प्रतीबद्दल सांगते, कारण पैसे तिथेच बुडाले. जूनमध्ये वह्या-पुस्तकं घ्यायला गेले होते. दुकानात गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची एक पातळशी प्रत दिसली. फ्रान्सेस हॉजसन बर्नेट यांच्या 'अ लिटल प्रिन्सेस' या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती. लेक नऊ वर्षांची, इंग्रजी माध्यमातली, म्हटलं स्वतःच वाचेल. वाचली. एका दुपारीत संपवली आणि म्हणाली, "एक श्रीमंत मुलगी असते, ती गरीब होते, मग परत श्रीमंत होते."

मी ही कादंबरी कॉलेजात असताना वाचली होती. घटना बऱ्याचशा विसरले होते, पण त्यातली सारा क्रू गोष्टी सांगायला लागली की वर्गातल्या पोरी कशा तिच्याभोवती गोळा होतात, तेवढं पक्कं डोक्यात होतं. ती प्रत चाळून पाहिली तर नेमकं तेच कापलेलं. सारण काढून घेऊन नुसती उकड वाढली होती.

मग मूळ पुस्तक शोधलं. त्याचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे, त्यामुळे 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या संकेतस्थळावर सगळंच्या सगळं फुकट मिळतं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट छापून स्पायरल मारून घेतलं. दिसायला एखाद्या सोसायटीच्या ताळेबंदासारखं, पण पुढचे सात महिने तेच वापरलं. दोनदा चहा सांडला, एकदा लोकलच्या गर्दीत मागचं प्लास्टिक फाटलं. बाकी ठणठणीत.

वापरण्याची पद्धत अपघातानेच ठरली. पहिल्या रात्री मी इंग्रजीत वाचायला बसले. दोन पानांत लेक जांभया द्यायला लागली, धाकटा (वय चार) केव्हाच उठून गेलेला. वाक्यं लांबलचक आहेत, 1905 सालचं पुस्तक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या डोंबिवली-सीएसएमटीमध्ये मी पहिलं प्रकरण वाचून ठेवलं आणि रात्री पुस्तक न उघडता सुरुवात केली: "आटपाट लंडन होतं. तिथे इतकं धुकं, इतकं धुकं, की भरदिवसा रस्त्यावरचे दिवे लावलेले." आणि आमच्या घरच्या नियमाप्रमाणे ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणत राहायचं. 'हूं' थांबला की गोष्ट थांबली. हा नियम माझ्या आजीचा. एकोणीस प्रकरणं अशीच झाली, सकाळी गाडीत वाचायचं आणि रात्री अंधारात सांगायचं. आठवड्यातून दोन-तीन रात्री जमायचं, गणपतीत आणि परीक्षेत खाडे.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅप्टन क्रू आपल्या सात वर्षांच्या आईवेगळ्या मुलीला हिंदुस्तानातून लंडनला आणतो आणि मिस मिंचिन नावाच्या बाईंच्या निवासी शाळेत ठेवतो. अकराव्या वाढदिवसाच्या मेजवानीतच बातमी येते: बाप वारला आणि मित्राच्या हिऱ्यांच्या खाणींत घातलेला पैसाही गेला. कालपर्यंत शाळेचं भूषण असलेली सारा त्या दिवसापासून त्याच शाळेत मोलकरीण होते आणि माळ्यावर राहायला जाते. पुढचं सांगत नाही.

'माळा' या शब्दावरून आमच्याकडे गोंधळ झाला. आमच्या मुलांच्या लेखी माळा म्हणजे स्वयंपाकघराच्या वरचा, बॅगा आणि गणपतीचं मखर ठेवायचा. धाकट्याने वर बघून विचारलं, "ती मखराच्या मागे झोपते?" मी हो म्हणून टाकलं. नंतर तिथे शेकोटीची जागा आणि छपराला खिडकी कशी बसवायची, हा माझा प्रश्न झाला.

पहिल्याच पानांत आणखी एक गंमत आहे. घोडागाडीत बापाला टेकून बसलेली सारा आठवत असते, ती बॉम्बेहून केलेला बोटीचा प्रवास. मोठ्ठी बोट आणि तिच्यावर आवाज न करता ये-जा करणारे लस्कर. "बॉम्बे म्हणजे आपलं?" लेक उठून बसली. आपलंच. गोऱ्यांच्या बोटींवरचे खलाशी म्हणजे लस्कर, आणि त्यांत कोकणातलेही असत. सासूबाई सावंतवाडीच्या. त्यांना हे ऐकून बरं वाटलं आणि त्या दिवसापासून त्याही खुर्ची ओढून बसायला लागल्या. हे सोडलं तर पुस्तकातला हिंदुस्तान म्हणजे ऊन, ताप आणि खाणी. लेखिकाबाईंनी इथे पाऊलही टाकलं नव्हतं आणि ते कळतं. शेजारच्या घरातला नोकर रामदास आधी नुसता सलाम करणारा वाटतो. त्याचं माकड साराच्या माळ्यावर शिरतं आणि ती त्याच्याशी चक्क हिंदुस्तानीत बोलते, तिथे मात्र तो माणूस होतो. ती ओळखीची भाषा ऐकून त्याचा चेहरा आश्चर्याने आणि आनंदाने फुलतो.

आता या पुस्तकाचा खरा माल. साराला गोष्टी सांगता येतात, एवढं म्हणून लेखिका थांबत नाही, ती ते दाखवते. सांगताना साराचे डोळे मोठे होतात, हात हलायला लागतात, आवाज चढतो-उतरतो, ऐकणाऱ्या मुली समोर आहेत हे ती विसरून जाते. संपल्यावर तिला धाप लागलेली असते, छातीवर हात ठेवून ती स्वतःलाच हसते. हे मी विक्रोळी आणि घाटकोपरच्या दरम्यान वाचलं आणि मला एकदम आजी आठवली. गोष्टीतला वाघ आला की तिला खरंच धाप लागायची.

आणि बेकी. कोळसे वाहणारी, चुली साफ करणारी चौदा वर्षांची पोर. सारा जलपऱ्यांची गोष्ट सांगत असताना ती शेकोटीपाशी झाडत असते. झाडता झाडता हात मंदावतो आणि शेवटी झाडणी हातातून पडते. लॅव्हिनिया नावाची खाष्ट मुलगी म्हणते, ही ऐकत होती! साराला त्यात काही वावगं वाटत नाही, तिच्या मते गोष्टी सगळ्यांच्याच असतात. पुढे बेकी चोरून तिच्या खोलीत येते तेव्हा सारा तिला दोन गोष्टी देते: बाजारातून आणलेला मीट पाय, म्हणजे मांस भरलेली पेस्ट्री, आणि गोष्टीचा एक तुकडा. पेस्ट्री लगेच पोटात जाते, तुकडा रात्री माळ्यावर एकटीने आठवत बसायला. मोठी गोष्ट सांगायला वेळच नसतो. हे मला फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडेही कुकरची तिसरी शिटी होईपर्यंतच वेळ असतो.

बेकीवरून घरात भांडण झालं तेही सांगते. मूळात ती लंडनच्या गरिबांची बोली बोलते. मी हुशारी करून तिच्या तोंडी मालवणी घातली. दोन रात्री छान चाललं. तिसऱ्या रात्री खुर्चीतून आवाज आला, "काय गो, मालवणी काय भांडी घासणाऱ्यांनीच बोलूची?" मला खरंच लाज वाटली. मग बेकीला मराठी दिलं आणि मालवणी गेली बनवाल्या बाईकडे. सासूबाईंनी ती भूमिका स्वतःच उचलली.

ते बनचं प्रकरण, तेरावं, पुस्तकातलं सगळ्यात उत्तम. थंडी, चिखल, साराला शिक्षा म्हणून जेवण मिळालेलं नाही. गटाराच्या कडेला तिला चार पेनीचं चांदीचं नाणं सापडतं. समोरच बेकरी, काचेत गरम मनुकांचे बन. पण दुकानाच्या पायरीवर तिच्याहूनही उपाशी एक पोर बसलेली. बेकरीवाली चार पेनींत सहा बन देते, दोन वरचे. सारा बाहेर येऊन एक देते. मग आणखी एक. मग आणखी. पाच देते आणि एक स्वतःला ठेवते. त्या संक्षिप्त प्रतीत हे तीन ओळींत उरकलं होतं: तिने आपले बन भिकारी मुलीला दिले. अहो, 'दिले' नव्हे! एक-एक करून दिले, प्रत्येक वेळी स्वतःची भूक मोजून. मी सांगताना मुद्दाम मोजत गेले, आणि चौथ्या बनला लेकीचा 'हूं' बंद पडला. मी थांबले. अंधारात नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग, "हूं. पुढे."

हे पुस्तक सांगण्यासाठी इतकं चांगलं का, त्याचं एक कारण त्याच्या जन्मातच आहे. फ्रान्सेस हॉजसन बर्नेट यांनी ही गोष्ट एकदाच लिहिलेली नाही. 'सारा क्रू' ही छोटी कथा 1887 च्या डिसेंबरपासून 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात आली आणि 1888 मध्ये पुस्तक झालं. मग 1902 मध्ये लंडनला त्याचं नाटक झालं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला. त्यानंतर 1905 मध्ये ही पूर्ण कादंबरी आली. बेकी, छोटी लॉटी, माळ्यावरचा उंदीर हे लोक पहिल्या कथेत नाहीतच. प्रस्तावनेत बाई म्हणतात की तेव्हा मला सगळं कळलं नव्हतं, आता कळलं ते सांगते. रोज रात्री गोष्ट सांगणाऱ्या कुणालाही हे पटेल. आपणही दुसऱ्यांदा सांगताना नवीन माणसं आणतोच की.

उंदराचं नाव मेल्किसेडेक. आमच्याकडे मलकू. चौदाव्या प्रकरणात माळ्यावर कोण आलं, काय झालं, हे सगळं त्याच्या डोळ्यांनी दिसतं. त्या रात्री धाकटा पहिल्यांदा शेवटपर्यंत जागा राहिला. दुष्परिणाम म्हणून नोंदवते: बाल्कनीत लावलेला उंदराचा पिंजरा त्याने दुसऱ्या दिवशी बंद करून टाकला, त्यानंतर कांदे-बटाट्यांची टोपली वर टांगावी लागली.

तक्रारी आहेत. सारा जरा जास्तच गुणी आहे. कधीतरी हिने एखादी थोबाडीत द्यावी असं वाटत राहतं. स्वतःचा धीर टिकवायला ती तुरुंगातल्या मारी आंत्वानेत या फ्रान्सच्या राणीला आठवते आणि त्याच माळ्याला बास्तील, म्हणजे फ्रेंच राजांचा तुरुंगही म्हणते. म्हणजे एकाच वेळी राणीच्या बाजूने आणि राणीच्या कैद्यांच्याही बाजूने! शेवटचे योगायोग मराठी मालिकेला लाजवतील. जिला पॅरिसपासून मॉस्कोपर्यंत शोधलं, ती भिंतीपलीकडे निघते. पण खरा प्रश्न लेकीने विचारला. साराचे दिवस फिरतात तेव्हा बेकीही माळ्यावरून सुटते, पण होते काय, तर साराची दासी. "तिला शाळेत का नाही घातलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या काळी असंच असायचं, असं म्हटलं. "पण गोष्टी सगळ्यांच्या असतात ना?" मी त्या रात्री बेकीला शाळेत घातलं. बाईंनी तीनदा लिहिली, चौथी आवृत्ती डोंबिवलीची.

दिवाळीच्या सुट्टीत 1995 चा सिनेमा पाहिला. त्यात शाळा न्यूयॉर्कला आहे, पहिलं महायुद्ध चाललंय आणि सारा राम-सीतेची गोष्ट सांगते. सासूबाई खूश. पण सिनेमात बाप जिवंत निघतो. 1939 च्या जुन्या सिनेमातही तसंच केलं आहे. पुस्तकात तो गेला तो गेलाच. लेक आधी टाळ्या वाजवत होती, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तू मला उगाच रडवलंस?" तिची समजूत घालायला पुस्तक काढून ते पान दाखवावं लागलं. तिने ते स्वतः वाचलं, इंग्रजीत. मग तिथूनच पुढे वाचत गेली.

कुणाला घ्यायचं असेल तर: पूर्ण आवृत्तीच घ्या. एकोणीस प्रकरणं आहेत का ते अनुक्रमणिकेत मोजा. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला बाप जाण्याचं प्रकरण दिवसा सांगा, रात्री नको. 'प्रिटेंड' या शब्दाला भातुकलीतला 'खोटं-खोटं' वापरा, मुलांना बरोबर कळतो. आमच्याकडे आता भेंडीची भाजी असली की "खोटं-खोटं पनीर समज" चालू असतं. मला मूळ पुस्तकातली मेजवानी आवडते. सारा जुन्या ट्रंकेतल्या रुमालांच्या ताटल्या करते, लाल शालीचं टेबलक्लॉथ. आम्ही ती बेडशीटवर मांडली होती.

स्पायरल सध्या तिसऱ्या मजल्यावर आहे. लेकीने मैत्रिणीला दिलं, आणि रोज संध्याकाळी जिन्यात बसून दोघींचं काहीतरी चालू असतं. मधूनच "हूं म्हण ना" असं ऐकू येतं. परत मागायला हवं, खूण म्हणून ठेवलेलं वीजबिल त्यातच राहिलं आहे आणि गुरुवारी शेवटची तारीख आहे.