कुत्र्याची उंची मोजायची घरगुती कमान: काही महिने वापरल्यावर

ही कमान कोणाला लागेल ते आधी सांगते. घरात लॅब्रडॉर किंवा पॉमेरेनियन असेल तर वेळ घालवू नका, त्यांचा गट नुसतं बघूनही कळतो. अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अ‍ॅजिलिटी नियमांत २०२३पासून उंचीचे चार गट आहेत: ३५ सेंमीच्या आत स्मॉल, ३५ ते ४३च्या आत मीडियम, ४३ ते ४८च्या आत इंटरमीडिएट, ४८ आणि त्यापुढे लार्ज. आमची चिंगी देशी, बरोबर ४८च्या काठावर. इंटरमीडिएटला उडीची काठी जास्तीत जास्त ५० सेंमीवर असते, लार्जला ६०वर. म्हणजे खांद्यात अर्धा सेंटीमीटर इकडचा तिकडे झाला की काठी दहा सेंटीमीटर वर! सराव कोणत्या उंचीवर करायचा हे ठरवायला शिंप्याची टेप कामाची नाही. ती खांद्याच्या गोलाईवरून वळते आणि दर वेळी नवा आकडा देते.

कमान साधी आहे. प्लंबिंगच्या दुकानातला पाऊण इंची पाइप, दोन एल्बो, दोन पाय आणि वर आडवा तुकडा. अ‍ॅजिलिटीवाले हिला विकेट म्हणतात. सगळं मिळून पाचशेच्या आत बसलं. रुंदी कुत्र्याच्या खांद्यापेक्षा वीतभर जास्त ठेवा. आडव्या पाइपची खालची कड जमिनीपासून ४८वर यायला हवी, मधली रेघ नव्हे. पाइप एल्बोत किती आत जाईल याचा नेम नसतो, म्हणून पाय थोडे लांब कापले, जोडणी पक्की झाल्यावर खालून घासत मापाला आणले. काटकोन तपासायला सुताराकडून गुण्या मागून आणा, डोळ्यांवर विसंबू नका. पायांना रबरी बुचं मात्र नकोत, दाबली की दबतात.

मोजायचं ते मानेच्या बुडाशी, दोन्ही खांद्यांच्या हाडांमधल्या उंचवट्यावर. केस दाबून कमान वरून ठेवायची. कमानीचे दोन्ही पाय जमिनीला टेकले तर कुत्रा मापात, अधांतरी राहिले तर उंच.

खरी गोम जमिनीत निघाली. आमच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार आहे, तिथे चिंगी एका दिशेने तोंड केलं की लार्ज आणि वळवली की इंटरमीडिएट. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकतात आणि उंची कमी भरते. शेवटी जिन्याखालची शहाबादी फरशी पाणसळ लावून तपासली आणि ती जागा कायमची ठरवून टाकली.

चिंगीचं म्हणाल तर पहिले काही आठवडे आकड्यांना अर्थच नव्हता. डोक्यावरून काहीतरी येतंय म्हटल्यावर ती अंग चोरून उभी राहायची, पाठ खाली, शेपटी आत. मग मोजणं बंद ठेवून नुसती कमान शेजारी ठेवायची आणि चिकनचा तुकडा द्यायचा, असं चालवलं. आता ती स्वतःहून कमानीखाली येते. तुकडा नाकासमोर सरळ धरा. वर धरला तर मान उंचावते, खाली धरला तर खांदे झुकतात, आणि दोन्हीकडे माप बदलतं.

तक्रार एकच, पण मोठी. गॅलरीतल्या उन्हाळ्याने आडवा पीव्हीसी पाइप मधोमध लवला. सरळपट्टी लावल्यावर फट दिसत होती, आणि आमचा सगळा वाद जेमतेम तेवढ्याच फटीचा! फॅब्रिकेटरकडून अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा उरलेला तुकडा आणून वर बसवला, तेव्हापासून तक्रार नाही. पाय अजून पीव्हीसीचेच आहेत. नव्याने करणाऱ्यांनी आडवी पट्टी पहिल्यापासून अ‍ॅल्युमिनियमचीच घ्यावी.

स्पर्धेत हे माप कोणी धरत नाही, तिथे परीक्षक त्यांच्या साधनाने मोजतात. सरावापुरतं म्हणाल तर चिंगी सध्या इंटरमीडिएटमध्ये आहे, दोन्ही पाय टेकतात, जेमतेम.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बीगलसाठी ३५ची दुसरी कमान केली. बीगलची प्रमाण उंचीच ३३ ते ४० सेंमी, त्यामुळे त्यांचा हा घोळ नेहमीचाच. तो मीडियम निघाला. काकू अजून म्हणतात, कमान आखूड आहे.