एकच शॉट, दोन ध्वनिपट्ट्या

दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ इव्हिल’ या चित्रपटाची सुरुवात तीन मिनिटांहून लांब अशा एकाच अखंड शॉटने होते. टाइमबॉम्बची कळ फिरवून तो मोटारीच्या डिकीत ठेवला जातो आणि ती मोटार सीमेवरच्या गावातून सरकत असताना क्रेनवरचा कॅमेरा कधी तिच्याजवळ येतो, तर कधी तिला मागे सोडतो. एकही कट नसल्यामुळे पडद्यावरची वेळ हीच बॉम्बचीही वेळ ठरते आणि प्रेक्षक नकळत सेकंद मोजू लागतो.

१९५८ च्या आवृत्तीत या शॉटवर श्रेयनामावली झळकते आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत वाजत राहते. त्याचा ठेका झपाटून टाकणारा आहे, हे मान्यच करायला हवे. मात्र धोक्याची जाणीव तो बाहेरून करून देतो आणि नावे वाचण्यात गुंतलेल्या नजरेतून मोटार निसटते.

स्टुडिओने केलेल्या संकलनाबद्दल वेल्स यांनी लिहिलेल्या टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्च यांनी १९९८ मध्ये केलेल्या संकलनातून नावे आणि ते संगीत दोन्ही वगळले आहे. तेथे ऐकू येतात ते रस्त्यावरचे आवाज, बारमधून झिरपणारी गाणी आणि मोटारीतला रेडिओ. मला हीच आवृत्ती अधिक अस्वस्थ करते, कारण मोटार चौकटीबाहेर गेली तरी रेडिओचा सूर जवळ आला की बॉम्बही जवळ आला, हे आधी कानाला कळते. सीमानाक्यावर मोटारीतली तरुणी डोक्यात टिकटिक ऐकू येत असल्याची तक्रार करते, तेव्हा तिचे ऐकायला कोणी थांबत नाही.