निरोप्या कोण: नायट्रिक ऑक्साइड की हायड्रोजन पेरॉक्साइड?

दोन्ही रेणू चिमुकले, दोन्ही पेशींचे निरोप पोचवणारे. ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू आवरेनासे होणं) वाढला की मात्र एक मुका होतो, तर दुसरा ओरडायला लागतो.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी तो बनवतात, तो पटल ओलांडून शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, ग्वानिलेट सायक्लेज हे विकर जागं करतो आणि वाहिनी सैलावते. याच कामाला १९९८चं नोबेल मिळालं. पण ताणात सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचंच एक आक्रमक रूप, वाढतं आणि त्याला वाटेतच गाठतं. दोघांचं मिळून पेरॉक्सिनायट्राइट होतं. म्हणजे निरोप वाटेतच हरवला, वर प्रथिनांचं नुकसान. त्याहून वाईट म्हणजे, सहघटक टेट्राहायड्रोबायोप्टेरिन खराब झाला की नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकरच सुपरऑक्साइड बनवू लागतं. कुंपणच शेत खातं!

हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त टिकाऊ. (हो, जखमेवर फेसाळतं तेच.) ते अॅक्वापोरिनच्या (पटलातल्या पाणी नेणाऱ्या प्रथिनांच्या) वाटांनी पेशीत जातं आणि प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला ऑक्सिडाइज करून संदेश देतं. २००९मध्ये झेब्राफिशच्या पिल्लांत दिसलं की शेपटीला जखम होताच कडेच्या पेशी ते सोडतात आणि पांढऱ्या पेशी तिकडे धावतात.

मला हाच गडी ताणात अधिक तगणारा वाटतो. अट एकच: कॅटालेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन या त्याला मोडणाऱ्या विकरांनी त्याला आवरायला हवं. त्यांची ताकद संपली की साऱ्याच पेशींत एकदम गलका होतो, आणि जखम नेमकी कुठे आहे ते कळत नाही.