एकाच मोलचे सात वेळा पैसे

इंग्लंडमधल्या रेडिंग, वोकिंगहॅम, ब्रॅकनेल या पट्ट्यात शेताला लागून असलेल्या वसाहतींमध्ये जी मराठी मंडळी राहतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. 'विष नाही, सापळा नाही. हाताने जिवंत पकडून रानात सोडतो. मोल निघाला तरच पैसे' असं छापलेलं पत्रक तुमच्या दारातून आत पडलं असेल, तर फोन फिरवण्याआधी एवढं वाचा. आमचे सगळे मिळून साडेपाचशेच्या आसपास पौंड गेले आणि मोल नावाच्या, जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या छोट्या प्राण्यानं लॉनवर काढलेले मातीचे ढीग होते तस्सेच राहिले.

मोल आपल्याकडे महाराष्ट्रात नाही, त्यामुळे नव्यानं इंग्लंडला आलेल्यांना तो बघूनही माहीत नसतो. हा उंदीर नाही आणि घूसही नाही. काळ्या मखमलीसारखी लव, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, गुलाबी नाकाड आणि फावड्यासारखे बाहेर वळलेले पुढचे पंजे. वजन शंभरेक ग्रॅम. बटाटे, गाजरं, फुलांचे कंद यांना तो तोंड लावत नाही. त्याचं मुख्य खाणं गांडुळं. दिवसाला स्वतःच्या निम्म्या वजनाची गांडुळं तो फस्त करतो आणि उरलेली डोक्याशी चावा घेऊन, लुळी करून जमिनीखाली साठवून ठेवतो. बोगदा खणताना निघालेली माती तो वर ढकलतो आणि सकाळी उठून बघावं तर हिरव्यागार लॉनवर भुसभुशीत मातीचे ढीग. तेवढाच त्याचा त्रास. पण घरमालक झाल्यावर पहिल्याच वसंतात लॉनची अशी दशा झाली की माणूस हैराण होतो, आणि हे पत्रकं वाटणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

मार्चमध्ये आमच्या मागच्या लॉनवर ढीग दिसायला लागले. त्याच सुमारास फलटणहून सासूबाई आल्या होत्या. आई माळकरी. मुंगीच्या वारुळालाही साखर घालणाऱ्या. 'काय करायचं ते करा, पण जीव मारायचा नाही' असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणजे सापळेवाला बाद. अशा घरात हाताने पकडून जिवंत सोडणाऱ्याचं पत्रक आलं की दुसरीकडे चौकशी कोण करतं?

माणूस आला तो अगदी चित्रातला. पन्नाशीचा, चिखलानं भरलेले बूट, हिरवं जाकीट, खांद्याला जाड कॅनव्हासची पिशवी, हातात झाकणाची पांढरी बादली. बोलायला लाघवी. आईंना वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं त्यानं. नुसतं बघायला यायचे पंचेचाळीस पौंड आणि पुढे दर मोलमागे साठ, सगळं रोख. 'तुमच्या बागेत अख्खी वस्ती आहे, मिसेस,' तो म्हणाला. वस्ती हा शब्द लक्षात ठेवा.

त्याचं काम असं चालायचं. एका ताज्या ढिगाशी तो गुडघे टेकायचा, घराकडे पाठ करून. पिशवी मांडीला खेटून. माती बाजूला सारायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा, कान जमिनीला लावायचा, बराच वेळ स्तब्ध. मग हळूच म्हणायचा, मोलला पावलांची थरथर कळते, तेव्हा सगळे आत जा, आणि जमल्यास चहा ठेवा. आपण किटलीचं बटण दाबतोय तोवर बाहेरून आरोळी. जाऊन बघावं तर हातमोज्यात वळवळणारा काळा जीव. दोन-चार क्षण दाखवायचा, बादलीत टाकायचा, वर झाकण. साठ पौंड. मग हा ताज्या ढिगांवर पाय दाबून ते सपाट करायचा आणि 'आणखी आहेत' म्हणत निघायचा. दोन दिवसांनी नवे ढीग, पुन्हा फोन, पुन्हा बादली. मध्येच एकदा 'बाहेरचे आत येऊ नयेत म्हणून' एरंडेलाच्या वासाचे दाणे ऐंशी पौंडांना गळ्यात मारले. ते दाणे पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच मधोमध नवा ढीग उभा.

पहिली शंका आईंना आली. त्या वरच्या बेडरूमच्या खिडकीत जप करत बसायच्या, आणि तिथून अंगण सरळ खाली दिसतं. एकदा माझ्या हातात चहाचा कप असताना वरून हाक आली, 'अगं, ह्याचा हात बिळात कुठं गेला? पिशवीत गेला!' खाली आल्यावर म्हणाल्या, 'आमच्या गावात गारुडी यायचा. तुमच्या घरात नाग आहे म्हणायचा, बायकापोरांना बाहेर काढायचा आणि चुलीमागनं नाग काढून दाखवायचा. नाग त्याच्याच अंगरख्यातला. हा त्यातलाच.'

यजमान हसले. इंग्लंडमधला माणूस असं कशाला करेल, हा त्यांचा मुद्दा. आईंचा मुद्दा असा की पोट सगळीकडे सारखंच.

पुरावा सापडला तो मुलीच्या टॅबमध्ये. शाळेतल्या निसर्गाच्या प्रकल्पासाठी तिनं बादलीतल्या मोलचे फोटो काढले होते. पैसे आम्ही सात मोलचे दिले, फोटो चारांचे होते. रात्री सगळे जेवत असताना तिनं ते ओळीनं लावून दाखवले. मोलच्या पुढच्या पंजाला पाच जाड, पांढरट नखं असतात. पहिल्या फोटोत उजव्या पंजाचं मधलं नख अर्ध्यातून तुटलेलं. दुसऱ्यातही तेच नख तिथंच तुटलेलं. तिसऱ्यात प्राणी उलटा पडलेला, म्हणून पंजा नीट दिसत नव्हता, पण गळ्याखाली पिवळसर लवेचा एक डाग होता. चौथ्यात डागही होता आणि तुटकं नखही. पहिला फोटो मोठा करून पाहिला तर डाग तिथेही निघाला. म्हणजे 'रानात सोडलेला' मोल दर खेपेला त्याच बादलीतून आमच्याकडे परत येत होता. उरलेल्या तिघांचं काय होतं ते तोच जाणे.

नंतर एका शेजारणीनं जवळच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या मोलकॅचरचा, म्हणजे मोल पकडणाऱ्याचा, नंबर दिला. त्याच्या वडिलांचाही हाच धंदा. तो आला, लॉनवर एक फेरी मारली, हातातली लोखंडी सळई दोन-तीन ठिकाणी जमिनीत खुपसून बोगदा कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाला, 'एकच आहे. फार तर दोन.' त्याच्याकडून जे कळलं ते आधी कळायला हवं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोल हा एकलकोंडा प्राणी. विणीचा काळ सोडला तर दुसरा मोल आपल्या बोगद्यात आलेला त्याला खपत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर माद्यांच्या शोधात लांबवर बोगदे काढतात, म्हणून ढीग अचानक वाढतात. पिल्लं उन्हाळ्यात आईपासून वेगळी होतात. वीस ढीग म्हणजे वीस मोल नव्हेत, एकटा मोल तेवढे ढीग सहज काढतो. घराच्या बागेत 'वस्ती' असं कुणी म्हणाला की तिथेच त्याला नमस्कार करावा. एक मोल गेला तर रिकाम्या बोगद्यात कालांतराने दुसरा येऊन राहू शकतो, हे मात्र खरं, आणि लबाड माणूस नेमका याच खऱ्या गोष्टीचा आडोसा घेतो.

हाताने मोल पकडताच येत नाही असं नाही. म्हाताऱ्यानं स्वतः पकडलेत. पण ती तऱ्हा वेगळी. आधी सगळे ढीग पायानं सपाट करायचे. मोल साधारण चार तास काम करतो, चार तास झोपतो. त्याची कामाची वेळ गाठून लांब उभं राहायचं, अजिबात न हलता. कुठे माती उचलली जातेय असं दिसलं की तो माती ढकलत असतानाच दबकत जायचं, तो थांबला की आपणही थांबायचं. जवळ पोचलं की त्याच्या मागच्या बाजूनं फावडं खसकन खाली घालून परतीचा बोगदा तोडायचा आणि मातीच्या ढेकळासकट त्याला वर उलटायचं. मग जाड हातमोज्यानं उचलायचं, कारण तो कडकडून चावतो. यात सकाळच्या सकाळ वाया जातात आणि बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. ढिगाच्या भोकात हात घालून मोल काढणारा मात्र त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. ढिगाखालचं भोक मातीनं बुजलेलं असतं आणि वर खुडबुड झाली की मोल तिथे कशाला थांबेल? हे सांगताना म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला.

जिवंत सोडण्याचंही तसंच. मोलला काही तास खायला मिळालं नाही तरी तो मरायला टेकतो, म्हणून जिवंत पकडायचे सापळे दिवसातून निदान दोनदा तरी तपासावे लागतात. पकडलेला प्राणी ताब्यात असेपर्यंत त्याला विनाकारण यातना देणं 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याखाली गुन्हा आहे. परक्या रानात, दुसऱ्या मोलच्या हद्दीत सोडलेल्याचं तिथे बरं चालेलच असं नाही. आई हे ऐकून गप्प झाल्या. बादलीतल्या त्या तुटक्या नखवाल्याची त्यांना फार हळहळ वाटली, आमच्या पैशांपेक्षाही जास्त.

म्हाताऱ्यानं आणखी एक सांगितलं. पूर्वी मोल पकडणाऱ्याला नगावर पैसे मिळत, म्हणून तो मेलेले मोल शेताच्या कुंपणाच्या तारेवर ओळीनं टांगून ठेवी, मालकानं मोजून घ्यावेत म्हणून. नगावर पैसे म्हटले की दुसऱ्याच्या शेतातला मोल आपल्या तारेवर टांगणारे तेव्हाही असणारच, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः ढीग थांबण्याचे पैसे घेतो. सगळे ढीग सपाट करायचे, ठरलेल्या मुदतीत नवा उठला नाही तर पूर्ण रक्कम. मोल दाखवला काय, न दाखवला काय, फरक पडत नाही. जाता जाता त्यानं तिसऱ्या विल्यम राजाची गोष्टही ऐकवली. राजाचा घोडा मोलच्या ढिगात अडखळला, राजा पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि त्यातच तो 1702 मध्ये वारला. त्याचे विरोधक मग 'काळ्या मखमलीतल्या छोट्या सद्गृहस्थाच्या' नावानं पेले उंचावत. आईंना ही गोष्ट भारी आवडली.

तर, इंग्लंडमध्ये मोल पकडायला कुठलाही परवाना लागत नाही. कुणीही उठून व्हॅनवर मोलकॅचर लिहू शकतो. स्ट्रिकनिनचं विष 2006 पासून बंद आहे आणि जमिनीत सोडायचा विषारी गॅस फक्त प्रशिक्षण घेतलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या माणसालाच वापरता येतो. त्यामुळे घरी कुणी असा गॅस सोडणाऱ्या गोळ्या घेऊन आला तर प्रमाणपत्र मागा. सापळेवाल्याला आणि हातवाल्याला दाखवायला असं काहीच नसतं, तिथे फक्त ओळखीतून खात्री करणं उरतं.

पैशांचं मात्र कायद्यात बरंच काही आहे, आणि ते आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं. तुमच्या घरी येऊन ठरवलेलं काम 42 पौंडांच्या वर असेल तर 2013 च्या ग्राहक करार नियमांप्रमाणे त्यानं नाव, पत्ता, किंमत आणि चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क तुम्हाला लेखी द्यायला हवा. रद्द करण्याचा हक्क कळवलाच नाही तर ती मुदत बारा महिन्यांपर्यंत वाढते. आमच्या माणसानं पावतीसुद्धा दिली नव्हती. शंभर पौंडांच्या वरचं काम क्रेडिट कार्डानं केलं असतं तर कार्ड कंपनीकडे दाद मागता आली असती. रोखीचा हट्ट असतो तो त्यासाठीच.

फोटो हाती आल्यावर यजमानांनी त्याला फोन केला. 'सगळे मोल सारखेच दिसतात, साहेब' हे पहिलं उत्तर. तुटक्या नखाचं विचारल्यावर फोन कट आणि नंतर नंबर बंद. पत्रकावर पत्ता नव्हताच. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीची दखल घेणाऱ्या स्थानिक सरकारी खात्याकडे, पाठवतात. फोन करताना पत्रक, मुलीचे फोटो आणि व्हॅनचा नंबर हाताशी होता, म्हणून नोंद लगेच झाली. तुम्ही व्हॅनचा नंबर पहिल्याच दिवशी टिपून ठेवा, नंतर तो मिळत नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाण्याचाही विचार झाला, पण दावा लावायचा कुणावर? नाव खरं की खोटं तेही कळत नाही.

म्हाताऱ्याचा सापळा आईंनी बसवू दिला नाही. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही, आल्याचे पैसेही घेतले नाहीत. म्हणाला, जूनमध्ये जमीन सुकली की गांडुळं खोल जातात, त्यांच्यामागे हाही जाईल आणि ढीग कमी होतील. झालंही तसंच. तोवर आम्ही रोज ढिगांची माती खोऱ्यानं उचलून कुंड्यांत भरत होतो, आणि ती मऊ, खडे नसलेली माती मेथीला झकास मानवली. लॉन लावलेल्या वर्षी कसं होतं तसं आता दिसत नाही, पण चालतं.

त्या पत्रकाचा आणि चारही फोटोंचा संच मी आपल्या भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटावर टाकला आहे. त्यानंतर आणखी दोन घरांनी तोच माणूस, तीच पांढरी बादली आणि तोच साठ पौंडांचा भाव असल्याचं कळवलं. त्यांना दोघांनाही वेगवेगळं नाव सांगितलं होतं. कुणाकडे मोलचे फोटो असतील तर मला पाठवा, पंजे आणि गळा दिसतील असे. तक्रारीला जोडायचे आहेत.