कोल्ड बॉक्ससाठी कोरडा वायू: नायट्रोजनचे सिलिंडर घ्यावेत की कॉम्प्रेसर-ड्रायर?

कोल्ड बॉक्स म्हणजे कणशोधकाचं सिलिकॉन मॉड्यूल (सेन्सर आणि त्याचं सर्किट) थंड करून तपासायची बंद पेटी. मॉड्यूल थंड कसं करायचं याचं उत्तर बहुतेकांकडे तयार असतं. खाली चिलर, त्यावर पेल्टिअर (विजेवर थंड होणारी चकती), की उणे २५ अंश मिळालेच. मुंबईत काम अडतं ते पेटीत दव धरू नये म्हणून सोडायच्या कोरड्या वायूपाशी. जुलैमध्ये बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं तो, २७ च्या घरात जातो. एसी लावलेल्या खोलीत, २४ अंश आणि ५५ टक्क्यांना, तो १४ असतो. पेटीच्या आत मात्र तो चकच्या (मॉड्यूल ज्यावर बसतं त्या थंड पाटाच्या) तापमानाच्या निदान दहा अंश खाली, म्हणजे उणे ३५ पर्यंत, उतरवावा लागतो.

टेबलावरच्या पेटीपुरतीच ही कटकट आहे असं नाही. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाचा ट्रॅकर (कणांचा माग काढणारा सिलिकॉन शोधक) एलएचसी या कण-त्वरकाच्या पहिल्या टप्प्यात अधिक ४ अंशांवर चालवावा लागला, कारण ट्रॅकरबाहेर केबल आणि नळ्या जातात त्या जागेत आर्द्रतेवर पुरेसा ताबा नव्हता. २०१३-१४ च्या बंद काळात तिथलं सीलिंग सुधारलं, कोरड्या वायूची सोय वाढवली, तेव्हा कुठे दुसऱ्या टप्प्यात उणे १५ गाठता आलं.

आता निवडीकडे. सिलिंडरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. उच्च शुद्धतेचा नायट्रोजन पहिल्या मिनिटापासून कोरडा येतो, त्यात तेल नसतं, आवाज नसतो, देखभालीत रेग्युलेटर आणि वॉशर एवढंच. प्रयोगशाळा नवी असेल आणि महिन्यातून दोन-तीनदा आयव्ही (व्होल्टेजनुसार करंटचा आलेख) काढायचा असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. सिलिंडर घ्या, भिंतीला साखळीने बांधा आणि कामाला लागा.

पण हिशोब करून पाहा. ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारला साधारण ७ घनमीटर वायू असतो. ६० लिटरच्या पेटीत मिनिटाला १० लिटर सोडले तर तो साडेअकरा तास पुरतो. कागदावर पाहिलं तर एवढ्या प्रवाहात दवबिंदू १४ वरून उणे ३५ ला यायला अर्धा तासही लागत नाही. प्रत्यक्षात तासभर तरी धरा, कारण फोम, केबलचं आवरण आणि हायब्रिडचं (मॉड्यूलवरच्या चिपचं) सर्किट बोर्ड यांच्यात मुरलेलं पाणी हळूहळू सुटत राहतं. पावसाळ्यात पेटी दोन दिवस उघडी राहिली असेल तर त्याहून जास्त. शिवाय सिलिंडर तळापर्यंत रिकामा करायचा नसतो. दाब उतरत जातो तसा आतल्या भिंतीवरचा ओलावा वायूत येतो, म्हणून १५-२० बार उरले की बदलावा. हाती राहतात जेमतेम दहा तास.

माझ्या मनातला तराजू कलला तो इथेच, आणि कारण पैशाचं नव्हतं. सिलिंडरवर काम करताना चाचणी किती चालवायची हे मॉड्यूल ठरवत नाही, गेज ठरवतो. थर्मल सायकल (थंड-गरमची फेरी) लांबते, गेज खाली जातो, आणि वायू संपत आलेला असतो तो नेमका पेटी गरम करायच्या वेळी. कोरड्या वायूची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते. थंड असताना पेटीतलं थोडंफार बाष्प सगळ्यात थंड जागी, म्हणजे चकच्या कडेला किंवा नळीच्या जोडावर, बर्फ होऊन गप्प बसलेलं असतं. तापमान शून्याच्या वर गेलं की त्याचं पाणी होतं आणि दवबिंदूचा आकडा अचानक उसळतो. त्या वेळी प्रवाह कमी केलेला असेल आणि बायस (सेन्सरला दिलेलं व्होल्टेज) चालूच असेल, तर सेन्सरच्या कडेवरून करंट चढायला लागतो. कडेला काही शे व्होल्टचा फरक असतो, तिथे ओलाव्याची पातळ फिल्मही पुरते. मग करंट वाढला तो मॉड्यूलमुळे की पाण्यामुळे, यावर वाद घालत बसा.

त्यातून रात्री एसी बंद होत असेल तर आणखी एक फास. खोलीचा दवबिंदू पहाटेपर्यंत २५ वर जातो. चक २० अंशांवर आला म्हणून सकाळी झाकण उघडलं, तर काहीच थंड नसूनही वायरबॉन्डवर (चिप जोडणाऱ्या बारीक तारांवर) दव धरतं. झाकण उघडण्याआधी चक खोलीच्या दवबिंदूच्या चार-पाच अंश वर न्या, आणि तोवर वायू चालू ठेवा. सिलिंडर संपत आलेला माणूस हा अर्धा तास हमखास वाचवायला बघतो. शनिवारी संध्याकाळी भरलेला सिलिंडर वर आणायला मालवाहू लिफ्टही नसते आणि पुरवठादारही, हे वेगळं सांगायला नको.

कॉम्प्रेसर-ड्रायर साधी हवाच दाबून सुकवतो, त्यामुळे त्यावर वायू संपत नाही. तोटे मात्र खरे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडे पडतात. ३० अंश, ८५ टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरला सुमारे २६ ग्रॅम पाणी घेऊन येते. मिनिटाला १०० लिटर ओढणारा कॉम्प्रेसर तासाला दीडशे ग्रॅम पाणी आत घेतो. यातलं बरंचसं टाकीतच साचतं आणि ऑटो-ड्रेनने बाहेर जातं. ड्रेन गंजाच्या कपच्यांनी अडकला की तेच पाणी ड्रायरच्या टॉवरमध्ये शिरतं, त्यातले ओलावा शोषणारे दाणे भिजतात, फुटतात, आणि त्यांची भुकटी पुढच्या फिल्टरमध्ये जमते. बाहेरून काही दिसत नाही, दवबिंदू दिवसागणिक वर सरकत राहतो एवढंच. म्हणून ड्रेन रोज हाताने दाबून पाहावा, टाकी आतून कोटिंग केलेली घ्यावी, आणि कॉम्प्रेसरचं तोंड शक्यतो एसीच्या खोलीतल्या हवेकडे ठेवावं. कुलाब्यासारख्या ठिकाणी, जिथे खारा वारा थेट खिडकीवर येतो, हे शेवटचं फार उपयोगी पडतं.

ड्रायर घेताना रेफ्रिजरेटेड (हवा थंड करून सुकवणाऱ्या) प्रकारावर भागवू नका. तो दाबाखाली अधिक ३ अंशांचा दवबिंदू देतो. ७ बारवरून वातावरणाच्या दाबाला सोडल्यावर तो उणे २० च्या आसपास येतो, म्हणजे आपल्या कामाला अपुरा. दोन टॉवरचा, उष्णतेविना चालणारा डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर दाबाखालीच उणे ४० देतो. तो १५-२० टक्के हवा स्वतःच्या टॉवरला सुकवायला खातो, तेवढा कॉम्प्रेसर मोठा घ्यावा. कॉम्प्रेसर ऑइल-फ्रीच हवा. तेलाची वाफ सेन्सरच्या पृष्ठभागावर बसली की ती काढण्याचा सुरक्षित उपाय नाही. आवाज होतो, यावर वाद नाही. शेजारच्या खोलीत ठेवून स्टीलच्या नळीने आणा.

नळीवरून आठवलं. दोन्ही पर्यायांत सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनची लांब नळी वापरू नका, बाहेरचा ओलावा तिच्या भिंतीतून आत झिरपतो. स्टील किंवा तांबं, आणि शेवटचा हातभर भाग पीएफए या प्लास्टिकचा. तसंच स्वस्त आर्द्रता सेन्सरवर विसंबू नका. २४ अंशांना उणे २० चा दवबिंदू म्हणजे साडेतीन टक्के आर्द्रता आणि उणे ४० म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. ज्याची चूकच दोन-तीन टक्क्यांची, त्याला यातला फरक कसा कळणार? दवबिंदू ट्रान्समीटर घ्या, तो वायू बाहेर पडतो त्या बाजूला बसवा, आणि बायसचा इंटरलॉक (धोका दिसताच बायस तोडणारी सोय) त्यालाच जोडा.

द्रव नायट्रोजनच्या ड्युअरचा (उष्णतारोधक भांड्याचा) पर्यायही असतो, जिथे तो आवारातच बनतो तिथे मोहात पाडणारा. एका लिटरचे जवळपास ६९० लिटर वायू होतात. पण ड्युअर आपणहून उकळून मिनिटाला १० लिटर देत नाही, आत ४० वॅटचा हीटर सोडावा लागतो, आणि दमट हवेत तोंडाशी बर्फाचं बूच बसतं. रात्रभर एकटं सोडण्यासारखी ही मांडणी मला वाटत नाही.

मॉड्यूल रांगेने तपासायची असतील आणि सायकल रात्रभर चालणार असेल, तर मी कॉम्प्रेसर-ड्रायर घेईन. तुमची खोली, तुमची गरज वेगळी असू शकते. तरी एक भरलेला सिलिंडर शेजारी राहू द्या. त्याच्या वाटेवर नॉर्मली ओपन सोलेनॉइड (वीज नसताना उघडी राहणारी झडप) बसवा आणि त्याची वीज कॉम्प्रेसरच्या दाबाच्या स्विचमधून न्या, म्हणजे वीज गेली किंवा कॉम्प्रेसरचा दाब पडला की तो आपोआप उघडतो. पुढे छोटा ऑरिफिस (बारीक छिद्राचा तुकडा) लावून प्रवाह मिनिटाला १० लिटरवर बांधून टाका. तेवढ्यात पेटी सावकाश गरम होऊन दवबिंदूच्या वर येते. खोली बंद असेल तर ऑक्सिजनचा अलार्म १९.५ टक्क्यांवर लावा, आणि त्याला स्वतःची बॅटरी आहे ना ते बघून घ्या, कारण हा सिलिंडर उघडणार तो वीज नसतानाच.